चालीखालचा आवाज

शनिवारी सकाळी आमच्या इमारतीच्या जिन्यातून एक गुणगुण वर यायची. खाली फरशीवर ओला कुंचा फिरायचा, त्याची लय संथ आणि किंचित लंगडती. तिच्यावर एक खर्जातला, उबदार, कडेला थोडा झिजलेला स्वर हळूहळू मजले चढत आमच्या दारापाशी पोचायचा. ऱ्हाईन नदीवरचं धुकं, कारखान्याच्या धुराड्यांतून निघणारी पांढरी वाफ आणि फेब्रुवारीतला तो दहा वाजताही करडाच राहिलेला प्रकाश, या सगळ्याला जणू तेवढ्या एका स्वराने आतून अस्तर लावलं होतं. पण ते गाणं मला कधी ओळखू आलं नाही. प्रत्येक ओळ कुठेतरी जाईल असं वाटायचं आणि ती जिथल्या तिथेच राहायची. मी दार उघडून पहिल्यांदा विचारलं ते नवीन शेजारी म्हणून नव्हे, त्या अपुरेपणाने जीव कासावीस झाला म्हणून.

तेव्हा कुंचा भिंतीला टेकवून, दर शनिवारी स्वतःहून जिना धुणारे आमच्या इमारतीतले विल्बर्टकाका सरळ उभे राहिले होते. सत्तरीला आलेला सावळा, उंच, खांद्यात वाकलेला देह, राखाडी जटांचा मानेवर बांधलेला जुडा, आणि बोलताना समोरच्यापासून अर्धं पाऊल मागे सरकण्याची सवय. जमैकातल्या एका डोंगराळ गावातून निघालेले तीन मित्र, तिघांचा मिळून एक गायनगट, आणि त्या गटाची चाळीस वर्षांची रेगेची वाटचाल, असं सगळं त्या ओल्या जिन्यावर त्यांनी चार वाक्यांत उरकलं. एका दौऱ्यात ते जर्मनीत आले, आमच्या या लुडविग्सहाफेन शहरातल्याच एका परिचारिकेशी लग्न करून राहिले, आणि ती गेल्यावरही राहिले. गटाचं नाव आजही उन्हाळ्यात फलकांवर दिसतं, म्हणून ते इथे घेत नाही.

श्रीरंगची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, कारखान्यातली नोकरी आम्हाला पुण्याहून इथे घेऊन आली होती. आमची इथली सुरुवातीची ती वर्षं. मी घरात बसून जर्मन शिकत होते आणि शिकता शिकता एका विचित्र विद्येत पारंगत झाले होते. या देशात कशातही शिरणं सोपं, बाहेर पडणं महाकठीण. जिम असो, फोन असो, घर असो, मुदतीच्या तीन महिने आधी लेखी क्युंडिगुंग दिली नाही, म्हणजे तुम्ही बाहेर पडत असल्याचं रीतसर कळवलं नाही, की करार आपोआप आणखी एक वर्ष मानगुटीवर बसतो. अशी सुटकेची पत्रं मी इतकी छान लिहायला लागले की आमच्या मराठी मंडळातली निम्मी माणसं माझ्यामुळे कशातून ना कशातून मोकळी झाली होती. श्रीरंग मला चिडवायचा, तू लग्नाच्या वेळी हे शिकलेली नव्हतीस हे माझं नशीब.

विल्बर्टकाकांच्या त्या अपुऱ्या गाण्याचा उलगडा झाला तो गणपतीत. चर्चचा हॉल भाड्याने घेऊन मंडळ उत्सव करायचं. त्या वर्षी मी काकांना बोलावलं. पांढरा सदरा घालून ते माझ्या शेजारी उभे राहिले. आरती सुरू झाली, टाळ्यांचा ठेका त्यांना आवडला, आणि दुसऱ्या कडव्यापासून शब्दांच्या फंदात न पडता त्यांनी नुसत्या आकाराने साथ धरली. पण ती चालीबरोबर नाही, चालीच्या खालून. त्या स्वराला असं काही वजन होतं की शेजारचे दोघं नकळत त्यांच्यामागे गेले, मग त्यांच्या शेजारचे. उरलेले मूळ चालीला घट्ट धरून राहिले, ताट धरलेले जोशी गोंधळून थांबले, आणि मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा आरती मध्येच मोडली.

त्या वेळी माझ्या सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अगं, त्यांना सांग कुणीतरी. चाल चुकतेय त्यांची."

"नाइन, नाही, आजी," आमची लेक इरा म्हणाली. ती शाळेच्या गायनवृंदात होती, तिला लगेच कळलं होतं. मग अर्ध्या जर्मनमध्ये तिने आजीला समजावलं की ते चुकत नाहीत, ते दुसरा आवाज गातात. सासूबाईंना ते पटलं नाही. आपल्याकडे शंभर माणसं मिळून एकच सूर लावतात आणि त्यालाच एकोपा म्हणतात. कुणी मुद्दाम वेगळ्या सुरावर उभं राहून दुसऱ्याला आधार देत असेल, ही कल्पनाच त्यांना परकी होती. मलाही होती, खोटं कशाला बोलू.

घरी येताना काकांनी माझी तीनदा माफी मागितली. त्यांच्या गटात एझ्रा चाल म्हणायचा, तिसरा मित्र तिच्या वर तरंगायचा आणि विल्बर्ट खाली. चाळीस वर्षं ते मधल्या मायक्रोफोनपासून अर्धं पाऊल मागे उभे राहिले, एझ्राच्या खांद्यांची हालचाल पाहत, तो श्वास कधी घेतो ते पाहून आपला श्वास घेत. तिसरा पुढे इंग्लंडात धर्मोपदेशक झाला आणि एझ्रा वारला. कुणीही चाल म्हणायला लागलं की विल्बर्टचा गळा आपसूक तिच्या खाली जाऊन उभा राहतो. त्यांच्या इच्छेचा तिथे प्रश्नच येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आम्हाला एका तळ्याकाठच्या जलशाला नेलं. टळटळीत दुपार होती, गवतावर अनवाणी माणसं, तेल लावलेले खांदे, ढोलाचा तो पोटात उतरणारा ठोका. मंचावर सहा जर्मन वादक, सगळे तिशीतले, आणि त्यांच्यामध्ये काका. मधला मायक्रोफोन रिकामा. काका त्याच्यापासून अर्धं पाऊल मागे, डावीकडे, आपल्या जुन्या जागी. शेवटी ते एकच गाणं आलं, ज्याच्यासाठी लोक आलेले असतात. हजारो गळ्यांनी एझ्राची चाल उचलली आणि काकांनी डोळे मिटून तिच्या खाली आपला स्वर ठेवला. त्या रिकाम्या मायक्रोफोनकडे बघत एक बाई हमसून हमसून रडत होती. मीही रडले.

परतीच्या गाडीत मी म्हटलं की ती जागा रिकामी ठेवणं ही केवढी मोठी श्रद्धांजली आहे. काकांनी बाहेरच्या मक्याच्या शेतांकडे तोंड फिरवलं.

"श्रद्धांजली नाही ती, मृणाल," ते म्हणाले. "मला ती चाल येत नाही."

त्यांनी प्रयत्न केले होते. एझ्रा गेल्यावर वर्षभर, बंद खोलीत. पहिले चार स्वर सरळ जायचे आणि पाचव्याला गळा खाली घसरायचा, बिऱ्हाड बदललं तरी पाय जुन्या घराकडे वळावेत तसा. मग वादकांनी ती रिकामी जागा ठेवायची युक्ती काढली आणि लोकांना ती इतकी भावली की तीच कार्यक्रमाची ओळख झाली. आता दर उन्हाळ्यात, गावोगाव, त्याच गाण्याच्या त्याच जागी त्यांना त्या पोकळीशेजारी उभं केलं जात होतं. लोक टाळ्या वाजवत होते ते त्यांच्या दुःखाला की त्यांच्या असमर्थतेला, हे त्यांना कळेनासं झालं होतं. त्यांना थांबायचं होतं. मोठी बहीण आयव्ही डोंगरातल्या घरात एकटी होती, तिच्याकडे जाऊन राहायचं होतं.

मी काय करणार, मला येत होतं ते केलं. गटाचं नाव आणि दौरे एका संस्थेच्या हाती होते. करार दरवर्षी आपोआप वाढणारा, सप्टेंबर संपायच्या आत लेखी कळवायचं. मी सुंदर पत्र लिहिलं. काकांनी चष्मा लावून सही केली, पत्र घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, आणि ऑक्टोबर उजाडला तरी ते तिथेच होतं. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. सप्टेंबरात चेस्टनटची फळं फुटपाथवर टपटपायला लागली की ते आमच्याकडे कॉफीला यायचे, नवीन तारखेचं पत्र घेऊन जायचे आणि पोस्टाच्या दारातून परत फिरायचे. मी रागवायचे. ते म्हणायचे, पोरांचं काय होईल? मी गेलो तर नाव जाईल, नाव गेलं तर त्या सहा जणांना कोण बोलावणार? गटात जुन्यांपैकी मी एकटाच उरलोय. आल्झो, तर मग, पुढच्या वर्षी.

त्या काळात त्यांच्याकडे बघवत नसे. हिवाळ्यात ते खिडकीशी बसायचे. समोर पलीकडच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावर सरकणारा उन्हाचा हातभर तुकडा. मार्चमध्ये दौऱ्याची यादी आली की त्यांचे खांदे आणखी उतरायचे. कुणी कोंडलं नव्हतं, दार उघडं होतं, किल्ली त्यांच्याच खिशात होती आणि तीही मीच घडवून दिलेली. तरी माणूस आत. जिन्यातली गुणगुण तेवढी चालू असायची, त्याच चार ओळी, त्याच पायऱ्यांवर.

चौथ्या वर्षी आयव्ही अंगणात पडली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. त्या सप्टेंबरात मी पत्र त्यांच्या हाती दिलंच नाही. सही घेतली आणि स्वतः जाऊन आइनश्राइबन केलं, म्हणजे रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पावती आणून त्यांच्या टेबलावर ठेवली. मला वाटलं होतं की त्यांना हायसं वाटेल. ते घाबरले होते.

आठ दिवसांत उत्तर आलं. संस्थेने त्यांचे आभार मानले होते, बहिणीच्या प्रकृतीसाठी शुभेच्छा दिल्या होत्या आणि कळवलं होतं की पुढच्या हंगामासाठी गटाची नवी रचना बऱ्याच काळापासून तयार होती. सोबत छायाचित्र होतं. तीच नावाची पट्टी, तेच सहा वादक, आणि पुढे तीन मायक्रोफोनांशी दोन तरुण आणि एक तरुणी, तिघंही हसरे. बऱ्याच काळापासून. ते शब्द मी दोनदा वाचले. काकांनी आपल्याला नीट कळलंय ना, हे माझ्याकडून तपासून घेतलं. मी हो म्हटलं. मला संताप आवरत नव्हता. ज्यांच्यासाठी हा माणूस चार उन्हाळे त्या पोकळीशेजारी उभा राहिला, त्यांनी पर्याय तयार करून ठेवला होता आणि त्याला सांगायचं सौजन्यही दाखवलं नव्हतं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका हळूच म्हणाले. मग खिडकीकडे वळून, "मग मी थांबलो होतो कुणासाठी?"

नोव्हेंबरात, झाडं पार ओकीबोकी झाल्यावर, आम्ही त्यांना विमानतळावर सोडलं. इराने त्यांना मिठी मारली. ते अर्धं पाऊल मागे सरकले, हात हलवला आणि गेले. जिना नंतर एक सफाई कंपनी धुवायला लागली. दहा मिनिटांत, मुकाट्याने.

सुटले, असं मी सगळ्यांना सांगत होते. वसंतात एका रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. आयव्ही आता काठी घेऊन चालते, आंब्याला मोहोर आलाय, सगळं ठीक आहे. मग म्हणाले, गावच्या चर्चमध्ये परवा त्यांना गायला सांगितलं. जगभर गाजलेलं आपल्या गावचं गाणं, गावच्या माणसाच्या तोंडून. ते उभे राहिले, सुरुवात केली, दोन कडवी आपल्या खालच्या स्वरात, नुसत्या आकाराने पूर्ण केली. लोक शांतपणे, आदराने ऐकत होते. संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने प्रेमाने विचारलं, छान होतं, कुठलं गाणं म्हणायचं हे? काका हे हसत सांगत होते. त्यांचं हसू ओसरलं आणि मला समजलं की करार मी सोडवला होता, गाण्यातून माणूस सोडवणं माझ्या पत्राच्या हाती कधीच नव्हतं. आयुष्यभर गायलेलं गाणं त्यांच्याकडे एकट्याने म्हणण्यासारखं नव्हतंच.

"मृणाल," ते म्हणाले, "तू वरची चाल म्हणशील?"

माझा गळा बेताचाच. पण त्या जलशापासून इतक्या वर्षांत इराच्या तोंडून ऐकून ती चाल मला पाठ झाली होती. ओट्याला टेकून मी सुरुवात केली. पहिली ओळ संपत आली आणि मगच त्यांचा आवाज आला. समुद्र ओलांडून, उशिराने, माझ्या दुसऱ्या ओळीवर त्यांची पहिली. ते माझ्याखाली येत नव्हते, मागून येत होते. दोन स्वर एकमेकांना चुकवत स्वयंपाकघरात फिरत राहिले आणि मी ओशाळून थांबले. म्हटलं, काका, जमत नाहीये, फोन उशीर करतोय.

"थांबू नकोस," ते घाईने म्हणाले. त्यांचा आवाज ओला झाला होता. "इथे बरोबर लागतंय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझा स्वर त्यांच्यापर्यंत पोचतो तेव्हाच ते आपला स्वर त्याखाली ठेवतात. तिकडे आयव्हीच्या अंगणात दोन्ही आवाज एका क्षणी भेटतात, गाणं पुरं होतं. सगळा उशीर परत येताना माझ्या एकटीच्या वाट्याला येतो. मी डोळे मिटले, येणाऱ्या आवाजाकडे कान न देता चाल पुढे नेली, आणि आता दर रविवारी नेते. गेलेल्या माणसाची जागा कुणाला भरता येत नाही. पण दोन माणसांत पडलेला काळ, तो सगळा उशीर, कुणीतरी आपल्याकडे ठेवून घेतला, तर दुसऱ्याला तो थोडा वेळ ऐकू येत नाही.