चार टिप्पर काळी माती

अमरावतीच्या त्या नव्या कॉलनीत सगळ्यांनी घराभोवती मुरूम टाकला होता. उत्तमरावांनी टाकली काळी माती. भातकुलीकडचं वावर प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्याच्या ताब्यात द्यायच्या आदल्या दिवशी त्यांनी त्यातली चार टिप्पर माती उचलून आणली आणि पायऱ्यांपासून फाटकापर्यंत पसरली. ही माती पावसात फुगते, घराला लावू नका, असं मिस्त्रीने सांगून पाहिलं. पण चाळीस वर्षं ती माती कसलेल्या माणसाला मिस्त्रीने काय माती शिकवायची? उत्तमरावांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मातीवर लॉन आलं, कडेने मेहंदीचं कुंपण, जास्वंद, केळी. येणारे-जाणारे वाहवा करत. वाहवा सासऱ्यांची आणि निंदण सुनेचं, अशी वाटणी आपसूक झाली. साधना रोज सकाळी खुरपं घेऊन लॉनवर बसायची. तीन उन्हाळे ती माहेरी हिवरखेडला गेली नाही, कारण ती गेली असती तर लॉन वाळलं असतं.

यंदा ऑगस्टात कधी नव्हे अशी झड लागली आणि माती फुगली. आत उघडणारं लोखंडी फाटक चार बोटं सरकलं की लॉनमध्ये रुतून बसू लागलं. पुरुषांचं काही अडलं नाही. साधनाचा नवरा नितेश भिंतीवरून उडी मारून कामाला जाई, सासरे स्टूल लावून उतरत. दूध, भाजी फाटकावरून येई. साधना मात्र नऊ दिवस आतच होती. सुनेने सगळ्या कॉलनीदेखत भिंत चढायची नाही, असं तिला कुणी बजावलं नव्हतं. बजावायची गरजच नव्हती.

दहाव्या दिवशी तिला जायलाच हवं होतं. अकोल्याच्या एका शाळेत तिची विज्ञान शिकवायला निवड झाली होती. आज पाचच्या आत रुजू झाली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाणार होती.

"तुमी थोडी माती कापून द्या न," तिने सकाळी नितेशला म्हटलं.

"बाबांले विचार," म्हणून तो भिंतीपलीकडे उतरलासुद्धा.

तिने सासऱ्यांना विचारलं.

"नाई," उत्तमराव म्हणाले. "त्या लेआउटवाल्यानं सारं वावर कापलं. एवढी उरली, तिले तरी हात लावू नोका. ऊन पडलं का बसते ते आपोआप. मंग जाय."

"मामाजी, तंवर नोकरी थांबते का?"

"नसन थांबत तं जाऊ दे. घरी का कमी आहे तुले?"

साधनाला त्यांची कीव आली, खरंच आली. त्यांचं वावर गेलं होतं. पण त्याची भरपाई ते रोज तिच्याकडूनच घेत होते, आणि हे त्यांना कधी दिसणार नव्हतं.

फावडं त्यांनी आधीच कोठीत घालून कुलूप लावलं होतं. साधनाने निंदणाचं खुरपं उचललं आणि फाटकाशी उकिडवी बसली. ओली माती खुरप्याला चिकटून सुटेना. नखं फुटली, ठेवणीतली साडी गुडघ्यापर्यंत बरबटली. उत्तमराव पायरीवरून पाहत होते. त्यांनी तिचा हात धरला नाही. सुनेच्या अंगाला हात लावायचा नसतो, त्या रिवाजाने तेवढं तिला वाचवलं.

दीड तासाने फाटक हातभर उघडलं. साधना पिशवी घेऊन बाहेर पडली आणि रस्त्यावर उभी राहून तिने पोटभर श्वास घेतला.

मागे फाटक लागल्याचा आवाज झाला. उत्तमराव निघालेली माती ओंजळीओंजळीने त्याच जागी भरत होते, वरून पायाने दाबत होते.

"मामाजी, मले संध्याकाळी वापस याचं आहे."

"माती तिच्या जाग्यावर पाह्यजे," ते मान वर न करता म्हणाले.

साधनाने फाटकाच्या गजांमधून हात घालून आत पडलेलं खुरपं ओढून घेतलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि प्रमाणपत्रांच्या पिशवीत ठेवलं.

बडनेऱ्याच्या पुढे तिकीट देताना कंडक्टरला पिशवीतून डोकावणारी खुरप्याची मूठ दिसली.

"वावरात चालल्या का, मॅडम?"

"नाई. शाळेत."

"मंग खुरपं कावून?"

"संध्याकाळी घरात जाचं आहे मले," साधना म्हणाली.