मल्लव्वाचं बोलणं

“सर, माझं नाव कमी करा की,” अनुजा दारातूनच म्हणाली. आत यायचा तिला धीर झाला नाही.

रुद्रेश पाटणशेट्टी सर फळा पुसता पुसता थांबले. कोल्हापुरातल्या या कॉलेजात त्यांनी उभा जन्म कन्नड शिकवण्यात घालवला होता. यंदा नवं धोरण आलं. दहापेक्षा कमी मुलं असतील तो विषय बंद; परदेशात मागणी असलेल्या भाषाच ठेवायच्या, असं प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. कन्नडला अनुजा धरून दहा मुलं होती.

“जर्मन घेतीस?”

“व्हय. दोन्ही घेता येत न्हाईत. जर्मनवाल्यांना कॉलेज तिकडं पाठवणार हाय. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची. आईचं औषधपाणी तरी भागंल.”

तिची आई मल्लव्वा गोकाककडची. लग्न होऊन राधानगरीत आली आणि सगळा संसार मराठीत केला. मागच्या वर्षी तिला लकवा मारला. मराठी पार पुसली गेली, उरली ती लहानपणची कन्नड, तीही तुटकी. घरात कुणाला कळेना. तिला पाणी हवंय की पाठ दुखतेय, एवढं तरी समजावं म्हणून पोरगी सरांच्या वर्गात आली होती.

‘थांब’ म्हटलं असतं तर ती थांबली असती. सरांना ते ठाऊक होतं.

“जा,” ते म्हणाले. “नीट शिक.”

“आणि आई?”

“मी हाय की.”

ती पाया पडली. सरांचा हात खडूनं भरलेला होता. तो तिच्या डोक्यावर न टेकता तसाच राहिला.

कन्नड बंद झालं. जर्मनच्या तासांसाठी त्या वर्गाला काचेचं दार बसलं. पुढं अनुजा जर्मनीला गेली आणि सर दर रविवारी एसटीनं राधानगरीला जाऊ लागले. त्यांना बघितलं की मल्लव्वा धडपडत उठून बसायची, बोलत सुटायची.

एका रविवारी तिच्या नवऱ्यानं फोन समोर धरला. पडद्यावर अनुजा होती, कामाच्या निळ्या कपड्यांत. मल्लव्वानं सरांचा हात घट्ट धरला आणि कन्नडमधून म्हणाली, “तिला घरी बोलवा. मला एकटीला मरायची भीती वाटते.”

“सर, आई काय म्हणती?” अनुजानं विचारलं. “मला समजंना झालंय.”

सर पडद्याकडे वळले.

“जेवलीस का, म्हणून विचारत्यात.”

अनुजाचे डोळे भरून आले. “जेवलो म्हणून सांगा की तिला.”

सरांनी कन्नडमधून तेवढंच सांगितलं. मल्लव्वा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं हळूच त्यांच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.