आजची संजा

माळव्यात, नानाखेड्याच्या एका शाळेत सुनंदाताई चित्रकला शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे काय, वर्षभर स्टेजच सजवायच्या. यंदा शिक्षकदिनासाठी शाळा सुटल्यावर थांबून थांबून त्यांनी मोठा पडदा रंगवला. क्षिप्रेवरची पहाट, घाटाच्या पायऱ्या, पाण्यात थरथरणारे दिवे. चेअरमनसाहेबांनी तो डोळे भरून पाहिला आणि माइकवर म्हणाले, "वा, फ्लेक्सवाल्यानं कमाल केली!" मग मंडपवाल्याचे आभार, माइकवाल्याचे आभार. दुसऱ्या दिवशी तोच पडदा स्टोअररूममधल्या कूलरांवर पांघरलेला.

आता सांगा, माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय? ताईंनी ब्रश गुंडाळून माळ्यावर टाकले आणि नवऱ्याला, श्रीकांतला, सांगून टाकलं की दिवाळी झाली की राजीनामा. त्यानं समजावून पाहिलं, पण बाईचं मनच उठलं होतं. संध्याकाळी नुसत्या ओट्यावर बसून राहायच्या.

पितृपक्ष लागला. माळव्यात या दिवसांत पोरी रोज संध्याकाळी भिंतीवर शेणानं संजा मांडतात, म्हणजे चंद्र-सूर्य काढतात, फुलांनी सजवतात, गाणी म्हणतात. पण ताई राहायच्या त्या माधव नगरात हल्ली जिकडे तिकडे पुट्टी मारलेल्या भिंती, शेण कोण लावू देणार? समोरची गौरी मैत्रिणींना घेऊन ताईंच्या कंपाउंडची भिंत मागायला आली. मांडा बाई, ताई म्हणाल्या, मला काय त्याचं.

पोरींचा चंद्र निघाला बटाट्यासारखा. मास्तरणीचा हात तो, गप्प कसा बसेल? ताईंनी पदर खोचला. चंद्र गोल केला, शेजारी सूर्य बसवला, गुलबक्षीची एकेक पाकळी चिकटवत गेल्या. उजेड विरत होता, कुठल्याशा देवळातली घंटा हवेत तरंगत होती, आणि ताईंच्या बोटांखाली भिंतीवर गुलाबी आभाळ उगवत होतं. पोळ्या लाटताना त्या कितीतरी दिवसांनी गुणगुणल्या.

दुसऱ्या संध्याकाळी बघतात तर गौरी उलथन्यानं संजा खरवडतेय. पुन्हा तेच की, पुन्हा कूलर!

"अगं, इतकी छान झाली होती, काढतेस कशाला?"

गौरी त्यांच्याकडे बघतच राहिली. "आंटी, कल की नहीं उखाड़ेंगे, तो आज की कहाँ बनाएँगे?"

लहानपणी ताईंनीही रोज अशीच संजा उखडली होती, अमावास्येला खरवडलेल्या संजांची सगळी टोपली क्षिप्रेत सोडली होती. तेव्हा कुणी शाबासकी दिली होती का? काही केल्या आठवेना. शेणाचा गारवा मात्र आठवला, आणि संध्याकाळ कधी होते म्हणून दिवसभर लागलेला ध्यास. इतका आनंद झाला त्यांना, की डोळेच भरून आले. मग त्यांनी गौरीच्या हातून उलथनं घेतलं आणि उरलेला चंद्र स्वतःच खरवडून टाकला.

राजीनाम्याचा विषय त्यांनी परत काढला नाही. श्रीकांत शहाणा, त्यानंही विचारलं नाही.

नवरात्रात एकदा सातवीच्या वर्गात त्यांनी रंगीत खडूंनी फळाभर नदी काढली. पोरं चिडीचूप, जणू पाण्याचा आवाज ऐकत होती. तास संपला. गणिताचे अरविंद सर आत आले, डस्टर उचललं आणि तसेच थांबले. पुसायला हात उचलेना त्यांचा. निदान फोटो तरी काढून ठेवू या, म्हणाले.

ताईंनी हसून डस्टर घेतलं आणि घाट, नाव, दिवे, सगळं सावकाश पुसलं.

"राहू द्या हो सर. उद्याचं कुठे काढू मग?"

आणि बोटांवरचा निळा खडू तसाच ठेवून त्या पुढच्या वर्गाकडे निघाल्या.