वेल्डर दादा आणि जळणारा अल्टरनेटर

माझ्या डंपरचा अल्टरनेटर परत जळला तेव्हा मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "गाडी चालवतोस की जाळतोस? अजून एकदा असं झालं तर चावी ठेव आणि घरी बस." इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं ते यंत्र. त्याला मी काय चिमटे काढतो? पण खाणीत ड्रायव्हरचं कोण ऐकतंय! काही बिघडलं की खापर आमच्याच डोक्यावर.

बाहेरून आलेला इलेक्ट्रिशियन नवा बसवत होता. तोही पार वैतागलेला. वायरी बघितल्या, बेल्ट बघितला, सगळं ठणठणीत. शेवटी त्याने विचारलं, "जळायच्या आधी गाडीचं काय काम केलं होतं?"

दरवेळी एकच काम. हौद्याचा मागचा फाळका तडकायचा आणि मी तो वेल्ड करून आणायचो.

"वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायरी सोडवतात ना? नाहीतर तो करंट आत घुसतो आणि हे जळतं."

खाणीचा वेल्डर म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ.

तसाच तरातरा शेडमध्ये गेलो. "दादा, तू वायरी सोडवत नाहीस?"

"हळू बोल." त्याने हातातली वेल्डिंगची काच खाली ठेवली. "नट दिसत नाही रे मला. मध्ये एकदा पान्हा बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेकला, केवढा भडका उडाला! तेव्हापासून हात लावत नाही."

"आणि वेल्डिंग?"

"ते हाताच्या सवयीने होतं."

"मग मला सांगायचं होतंस! मी सोडवल्या असत्या."

"तू 'का?' म्हणून विचारलं असतंस. मग तुझ्या वहिनीला कळलं असतं, मग गावभर."

"माझी नोकरी चाललीय, दादा!"

"तुला कुणीही घेईल. आंधळ्या वेल्डरला कोण दारात उभं करतंय?"

एवढा संताप आला की काय सांगू. तरी पाठचा भाऊ ना मी! म्हटलं, जाऊ दे, यापुढे वायरी मी सोडवेन, तोंडातून अवाक्षर काढणार नाही. एवढ्यात मालक आत आला. "काय खलबतं चाललीत? सापडलं का कारण?"

मी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "मालक, हाच चालू इंजिनवर बॅटरीच्या वायरी काढतो, त्यानेच जळतं. मी बघितलंय."

बघितलंय म्हणे! माझं डोकंच फिरलं. "याला हातातला नट दिसत नाही, मालक! वायरी न सोडवता वेल्डिंग करतो, म्हणून जळतंय सगळं!"

"काहीतरीच बरळतोय," दादा हसला. "स्वतःचं झाकायला."

मालक दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग त्याने फाटकाकडे बोट केलं. "ती गाडी उभी आहे ना, तिचा नंबर वाच."

दादा फाटकाकडे वळला. डोळे बारीक केले नाहीत, अडखळला नाही. माझ्या डंपरचा नंबर घडाघडा म्हणून मोकळा झाला.

माझा डंपर शेडच्या मागे उभा होता. फाटकात पाण्याचा टँकर होता.

मालकाची नजर टँकरवरून दादाकडे वळली. मला मान वर करवेना.

"बरोबर सांगितला ना रे?" दादाने मलाच विचारलं.