मोराच्या मार्क्याचा बडग्या

प्रेमिलाला घाणेरडी म्हणायची हिंमत नागपूरच्या गांधीबागेत आजवर कुणाची झाली नव्हती. झाली ती नेमकी तिच्या हातचे पोहे रोज खाणाऱ्याची.

कापडबाजारातल्या एका गल्लीच्या तोंडाशी तिचा ठेला होता. नवरा गेल्यावर तिनं तो एकटीनं उभा केला होता. सकाळी तर्री-पोहे, दुपारी आलुबोंडे. तिच्याहून झणझणीत तर्री करणारे बाजारात पुष्कळ होते, पण तिच्यासारखा लखलखीत ठेला कुणाचा नव्हता. प्लेटा उकळत्या पाण्यातून निघायच्या. कांद्याची सालं नि उरलंसुरलं हिरव्या डब्यात जायचं, दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून निळ्या डब्यात. सकाळी कचरागाडी आली की दोन्ही डबे ती स्वतः नेऊन द्यायची. लोक आपल्याकडे चवीसाठी कमी आणि स्वच्छ हातासाठी जास्त येतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठेलेवालीकडे दुसरं असतं तरी काय? तेवढं नावच असतं.

समोर जितेंद्रशेठचं कापडाचं ठोक दुकान. त्याच्याकडे बाहेरगावहून कापडाच्या गाठी यायच्या, आणि प्रत्येक गाठीच्या बारदानावर जांभळ्या शाईत एक गोल आणि गोलात मोर छापलेला असायचा. हा त्याचा मार्का. हमाल नाव वाचत बसत नाहीत, मार्का पाहून गाठ पोचवतात, त्यामुळे तो मोर सगळा बाजार ओळखायचा. जितेंद्रला त्याचा भारी तोरा. दुकानाच्या पाटीवर मोर, बिलावर मोर, पोरीच्या लग्नाच्या पत्रिकेवरही गणपतीला खेटून मोर.

गाठ फोडली की बारदान, प्लास्टिक नि पुठ्ठा यांचा ढीग पडतो. नियम काही अवघड नाही. दुकानाचा सुका कचरा दुकानातच ठेवायचा आणि गाडी आली की वेगळा द्यायचा. पण गाडी येते सकाळी, आणि कापडवाल्यांची शटरं वर जातात चांगली उन्हं चढल्यावर. एका माणसाला लवकर बोलवायचं, एवढंच काम. तेवढंही शेठच्या जिवावर यायचं. मग दुकान बंद करताना त्याचा हमाल सगळ्याचं गाठोडं बांधून प्रेमिलाच्या ठेल्यामागे टाकून जायचा, आणि सकाळी प्रेमिला ते आपल्या डब्यांबरोबर गाडीत द्यायची.

"काकू, तुम्ही आहा म्हणून चालून राहिलं आमचं," असं म्हणत जितेंद्र प्लेट पुढे करायचा आणि वर जास्तीची तर्री मागायचा. ती द्यायची. तिच्या चांगुलपणाला काय म्हणावं!

लग्नसराईत गाठी वाढल्या. एका सकाळी प्रेमिला यायच्या आत गाईंनी ते गाठोडं फाडलं आणि प्लास्टिक गल्लीभर झालं, नालीत गेलं, नाली तुंबली. आणि त्याच सकाळी महापालिकेचं पथक आलं. माल उतरवून घ्यायचा होता म्हणून जितेंद्रही त्या दिवशी लवकर आला होता.

"हे कोणाचं?" पथकातल्या माणसानं विचारलं.

प्रेमिलानं जितेंद्रकडे पाहिलं. आता तो बोलेल असं तिला खरंच वाटलं.

"हिचंच ना," जितेंद्र म्हणाला. "छपराले पाहिजे म्हणून माझ्याकडून बारदान मागून नेते अन् उरलेलं इथंच फेकते. किती वेळा सांगितलं साहेब. घाणेरडी बाई आहे, ऐकतच नाही."

हे बोलताना त्याच्या हातात तिच्याच पोह्यांची प्लेट होती.

पथकानं ठेला उचलून नेला. दंड भरून तो परत आला, पण गिऱ्हाईक परत आलं नाही. रोजची माणसं लांबूनच मान हलवून पुढे जाऊ लागली. एक म्हातारे मास्तर तेवढे आले, आणि त्यांनीही पोहे घेण्याआधी प्लेट उजेडात धरून आतून पाहिली. दंड प्रेमिलाला झोंबला नव्हता तेवढी ती एक नजर झोंबली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथंच मुक्कामाला राहिली.

ती तडक दुकानात गेली. "जितेंद्रभाऊ, कचरा तुमचा होता. एकडाव सगळ्यांसमोर सांगा. मले दुसरं काही नको."

जितेंद्र हसला. "सोडा ना काकू. दुकानाचं नाव खराब झालं त मले भारी पडते. तुमचं काय, ठेलाच त आहे."

ठेलाच त आहे! प्रेमिला दुकानाच्या पायरीवर आली. शिव्या तिला येत नव्हत्या असं नाही. पण याची जिरवायची तर शिव्यांनी नाही, हे तिनं त्याच पायरीवर ठरवलं. कशानं, ते अजून तिचं तिलाच माहीत नव्हतं.

आणि या माणसाचा निगरगट्टपणा बघा. गाठोडं टाकणं त्यानं थांबवलं नाही. जागा तीच, वेळ तीच. आता प्रेमिला ते गाडीत देईना. रोज संध्याकाळी उचलून घरी न्यायची, बारदान झटकायची, प्लास्टिक पुसायची, घड्या घालून थप्पी लावायची. पावसाळा आला तोवर तिच्या खोलीत खाट आणि चूल सोडून सगळीकडे मोरच मोर झाले.

शेजारची कौशल्या दारात उभी राहून म्हणाली, "काहून वं प्रेमिला, हे घाण कायले जमा करून राहिली? डोकंबिकं फिरलं का तुह्यं?"

"राहू दे. कामी येईन."

"कोणाच्या?"

"ज्याचं आहे त्याच्या," प्रेमिला म्हणाली आणि पुढची घडी घातली.

पोळा जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे गावची इडापीडा घेऊन जाणारा बाईचा मोठा पुतळा, निघते, आणि मारबतीमागे वस्त्यावस्त्यांचे बडगे. बडग्या म्हणजे बांबूचा भलाथोरला पुतळा. वर्षभर ज्यानं लोकांना छळलं त्याचं रूप त्याला द्यायचं, गावभर मिरवायचं आणि शेवटी जाळून टाकायचं. या गल्लीचा बडग्या बांबूकाम करणारा बळीराम बांधायचा, आणि त्याच्या अंगावर चढवायच्या चिंध्या, पुठ्ठे गल्लीतल्या घराघरांतून यायचे. कुणी काही दिलं तर नाही म्हणायचं नाही, ही रीत. दुसरी रीत अशी की मिरवणुकीच्या सकाळपर्यंत बडग्या चादरीखाली झाकलेला ठेवायचा. चादर ओढायची ती मंडळाच्या मोठ्या देणगीदारानं, आणि 'घेऊन जा गे मारबत' ही पहिली आरोळीही त्याचीच. हा मान दरवर्षी जितेंद्रशेठचा असायचा.

बळीराम तिच्या ठेल्यावर आला तेव्हा त्याला तिच्या तोंडाकडे पाहवेना.

"वहिनी, सांगाव का नाही, समजून नाही राहिलं. यंदा शेठनं गल्ली घाण करणाऱ्याचा बडग्या कराले सांगितला. अन् म्हणे, त्याच्या हातात झारा द्या."

झारा! तिच्या हातातला झारा कढईवर तसाच थांबला. दंड झाला, गिऱ्हाईक तुटलं, आणि एवढ्यानं या माणसाचं पोट भरलं नव्हतं. आता सगळ्या नागपूरभर तिला मिरवून जाळायचं होतं. क्षणभर तिचे डोळे भरून आले. मग तिच्या मनात काहीतरी लख्ख झालं, आणि डोळे आपोआप कोरडे झाले.

"भाऊजी, बडग्याच्या अंगाले लावाले तुम्ही घरोघरून मागता ना?"

"हो."

"मग माझ्या घरचंही न्या. भरपूर आहे. नाही म्हणाची त रीत नाही."

दुपारी बळीराम तिच्या खोलीवर गेला. थप्प्या पाहिल्या, एक बारदान उलगडून पाहिलं, आणि त्याची नजर मोरावर पडली. मग त्याचे खांदे हलायला लागले. माणूस हसत होता.

"अन् झारा?" त्यानं विचारलं.

"झारा मले लागते," प्रेमिला म्हणाली. "कापडवाला हातात काय धरते, ते द्या त्याले."

मारबतीच्या सकाळी गल्ली माणसांनी गच्च भरली. बाजारचे हमाल, दुकानदार, पोट्टे, माड्यांच्या गॅलऱ्यांत बाया. जितेंद्रशेठ कडक इस्त्रीचा कुर्ता घालून, कपाळाला गुलाल लावून ओट्यावर चढला. मागे चादरीखाली बडग्या उभा होता. प्रेमिला ठेल्याशी कढईत पोहे परतत होती. शेठनं माइक हातात घेतला, तिच्याकडे एक तिरपी नजर टाकली, आणि लोकांकडे तोंड करून मागच्या मागे दोरी ओढली.

चादर खाली आली.

बडग्याच्या पोटावर मोर, छातीवर मोर, धोतरावर मोर, पाठीवर, फेट्यावर, टाचेपर्यंत मोर. लग्नसराईपासूनचे झाडून सगळे. आणि हातात कापड मोजायचा गज. लोक एकदम हसले.

शेठला वाटलं, हसताहेत ते त्या ठेलेवालीला. त्याला आणखी चेव आला.

"आपल्या गल्लीत घाण कोण करते?" तो माइकवर ओरडला. "हाच! याचं तोंड पाहून ठेवा! नाली तुंबवते कोण? हाच! अन् वरून खोटंही बोलते! याले घेऊन जा गे मारबत!"

"घेऊन जा गे मारबत!" गल्ली कडाडली. हमाल तर एकमेकांच्या अंगावर कोसळत होते. शेठ आणखी मोठ्यानं ओरडला, लोक आणखी मोठ्यानं. शेवटी एका पोट्ट्यानं बोट दाखवलं, तेव्हा तो वळला.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. माइक तोंडाशी तसाच राहिला, त्यामुळे त्याचा श्वाससुद्धा सगळ्यांना ऐकू गेला.

"हे... हे बारदान मीच हिले दिलं होतं," तो कसाबसा म्हणाला. "छपराले."

प्रेमिलानं झारा वर करून ठेल्याचं छप्पर दाखवलं. चादरीएवढं असेल नसेल.

"पाहा गा लोकहो," ती म्हणाली, "एवढं मोठं छप्पर आहे का माझं?"

त्यावर जो हशा उठला तो बडग्याबरोबर पार चौकापर्यंत गेला. गल्लीगल्लीतून विचारणा होत होती, कोणाचा मार्का, कोणाचा मार्का, आणि हमाल आनंदानं सांगत होते. मोर सगळ्या गावानं ओळखावा ही शेठची हौस त्या दिवशी पुरी फिटली. प्रेमिला मिरवणुकीत गेली नाही. ठेल्याशी उभी राहून तिनं सगळं ऐकलं, आणि तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं!

जाळायच्या जागी बळीरामनं बडग्या थांबवला. प्लास्टिक जाळायची मनाई आहे, असं तो मोठ्यानं म्हणाला आणि बारदान, प्लास्टिक, पुठ्ठा सगळं एकेक करून उतरवलं. नुसता बांबूचा सांगाडा जळाला. बाकीच्या वस्त्यांची पीडा राख होऊन गेली. या गल्लीची मात्र नीट घड्या घालून, गाठोडी बांधून मालकाच्या दारात परत आली.

दुसऱ्या सकाळी कचरागाडी आली तेव्हा जितेंद्रशेठचं शटर उघडं होतं. शेठ एकेक गाठोडं स्वतः वाहून गाडीत देत होता. गाडीवाला म्हणाला, "बारदान वेगळं, प्लास्टिक वेगळं," आणि शेठ रस्त्यावर उकिडवा बसून वेगळं करत होता. ठेल्यावर गर्दी होती. म्हातारे मास्तर आले होते, आणि या खेपेस त्यांनी प्लेट न पाहताच पुढे केली.

काम संपवून जितेंद्र ठेल्याशी आला. गर्दी बाजूला झाली.

"काकू, झालं गेलं जाऊ द्या," तो हळूच म्हणाला. "कचरा माझा होता."

"त्या दिवशी साहेबासमोर आवाज मोठा होता तुमचा," प्रेमिला म्हणाली. "तेवढाच काढा."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. कुणीच हलत नव्हतं.

"कचरा माझा होता!" तो ओरडला. "काकूचा नव्हता! मी खोटं बोललो!"

"बस," प्रेमिला म्हणाली.

जितेंद्रनं खिशातून रुमाल काढून घाम पुसला, जरासा हसला आणि सवयीनं हात पुढे केला. "द्या मग एक प्लेट. तर्री जास्त."

कढई काठोकाठ भरलेली होती. वाफ येत होती.

"संपले," प्रेमिला म्हणाली.

"अन् उद्या?"

"उद्याही संपले," ती म्हणाली, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या हमालाची प्लेट भरायला घेतली.