बाटलीवरचा शब्द

भिवपुरीच्या वरच्या ठाकूरवाडीत १९२७च्या भाद्रपदात धाऊचा दोन वर्षांचा कमळ्या गेला. दवाखान्यातून दोन बाटल्या आल्या होत्या. एक त्याच्या खोकल्यासाठी, दुसरी आजीच्या गुडघ्यांसाठी. कोणती कोणाची, हे आईने, सोमीने, ठमीला विचारले. कमळ्याची नऊ वर्षांची बहीण ठमी वाडीतून शाळेत जाणारी एकटीच. तिने बाटलीवरच्या कागदावर बोट फिरवले, धड्याच्या ठेक्यात काहीतरी पुटपुटली आणि एक बाटली पुढे केली. सोमीने त्यातलेच औषध कमळ्याला पाजले.

चौथ्या दिवशी विष्णू गद्रे मास्तर वाडीवर गेले.

"तुमीच म्हनलात ना मास्तर," सोमी म्हणाली, "ठमीला आख्खं पुस्तक येतं? मंग बाटली चुकंल कशी?"

ते तसे म्हणाले होते, चारचौघांत, कौतुकाने. त्यांनी पिशवीतले पुस्तक काढून ठमीपुढे उलटे धरले. बोट फिरवत तिने पाचवा धडा बिनचूक म्हणून दाखवला. गद्र्यांनी पुस्तक मिटले.

"आता शाळा नाय," धाऊ म्हणाला. "अक्षरांनी एक पोर खाल्लं, तेवढं पुरं."

दुसऱ्या दिवशी मोळी विकायच्या निमित्ताने ठमी शाळेच्या पडवीत आली. ओच्यात ती बाटली होती. गद्रे वाचून सांगू लागले.

"तुमी नका सांगू. माजं मीच वाचीन."

डोंगराआडून आलेली हाळी कोणाची, हे ठमी अचूक ओळखते, हे गद्र्यांना ठाऊक होते. त्यांनी पुस्तक बाजूला ठेवले.

"वात, असं म्हण. तोंडातून आधी काय निघालं?"

"वात."

"सगळं नको गं. पहिला तुकडा."

तिने तो शब्द ओठांतल्या ओठांत दोनतीनदा घोळवला. मग हळूच म्हणाली, "वा."

त्यांनी एक खडा मांडला. "त" म्हटल्यावर दुसरा. शब्दाला तुकडे असतात, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. पुस्तक तिला एका लांबलचक हाळीसारखे वाटत आले होते. वाट, लाट, चेव, लय. आवाज कानाला सुटे झाले, तेव्हा कुठे खड्यांच्या जागी अक्षरे आली.

मोळीच्या निमित्ताने ती येत राहिली. सव्वा महिन्याने तिने बाटली पुढ्यात घेतली.

"ला… वा… य… चे." पुन्हा, जोडून. "लावायचे."

गद्र्यांनी मान हलवली.

"येवढंच व्हतं?"

"एवढंच."

"मंग हे आदी का नाय शिकवलंत?"

गद्रे पाटीवरची अक्षरे पुसू लागले. ठमीने बाटली ओच्यात बांधली, मोळी डोक्यावर घेतली.

"आयला सांगू नका, मास्तर," ती म्हणाली. "तिला वाटतंय, दवाच वंगाळ व्हती."