कोक-सायची पांढरी आई

त्या सकाळी किर्गिझस्तानातल्या कोक-सायच्या कुरणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बिश्केकहून आलेल्या मोटारी पार ओढ्यापर्यंत लागल्या होत्या, तळणीतल्या बोरसोकांचा, कणकेच्या फुगलेल्या तुकड्यांचा, वास सुटला होता आणि शेकडो माणसं ओल्या गवतात गुडघे टेकून बसली होती. सगळी पांढरं हरीण पाहायला आलेली, आणि सगळ्यांच्या माना खाली. केरिमबाय अतांचा, म्हणजे केरिमबाय बाबांचा, पहिला नियमच तो होता: पांढऱ्या आईकडे टक लावून जो बघेल त्याचे डोळे जातील. म्हणजे यायचं बघायला आणि बघायचं मात्र नाही. अशी सोय असली की धंदा बरा चालतो.

उंच पांढरी टोपी घालून केरिमबाय ओढ्याकाठी उभा होता. अगदी अलीकडेपर्यंत हा गृहस्थ काराकोलच्या बाजारात पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत असे. पाणी काही शुद्ध झालं नाही, जीभ मात्र तयार झाली. त्याने लांबलचक हाळी घातली, तशी पलीकडच्या झाडीतून ती हळूच बाहेर आली आणि खडकापाशी थांबली. पांढरी हरणी. गर्दीतून हुंदके ऐकू आले. इथले लोक बुगू कुळातले. बुगू म्हणजे हरीण. आपलं कूळ एका हरणीच्या पोटी जन्मलं असं ते पिढ्यानपिढ्या मानत आलेले, त्यामुळे हरणीचं नाव काढलं की त्यांची अक्कल आधीच हात जोडून उभी राहते.

"मान वर करू नका, लेकरांनो," केरिमबाय म्हणाला. "काय दिसतंय ते मीच सांगतो. वसंतात आई दुधासारखी होती. आता खांद्यावर डाग पडलाय. तो कुणाचा? ओशच्या त्या ठेकेदाराचा मूतखडा. आईनं स्वतःच्या अंगावर घेतला. मांडीवर आहे तो तोकमोकच्या बाईचा दमा."

"आणि माझे गुडघे, अता?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"ते पोटाखाली असतील, शोधावे लागतील. तुम्ही मेंढी जरा बारीकच आणली होती ना?"

सायराकान मागच्या रांगेत बसून हे ऐकत होती आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. ती गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिच्या मांडीवर डोकं टेकून आठ वर्षांची आयझिरेक पेंगत होती. आयझिरेक तिच्या दिराची मुलगी. दीर-जाऊ मॉस्कोत कामाला, पोर आजीपाशी. पोरीला मधुमेह होता, इन्शुलिनशिवाय ती जगणार नव्हती. आणि सुई म्हणजे लोखंड, लोखंड आणि पांढरी आई एका घरात नांदत नाहीत, असं केरिमबायने सांगितल्यापासून आजीने, म्हणजे सायराकानच्या सासू बातमा अपांनी, इन्शुलिन पेटीत घालून किल्ली कमरेला लावली होती. पोरीच्या आईबापांना फोन केला तर ते म्हणाले, "अपा म्हणतील तसं."

तेव्हापासून सायराकान शाळेच्या फ्रिजमध्ये एक बाटली लपवून मधल्या सुट्टीत पोरीला टोचत होती. संध्याकाळची सुई चुकायची ती चुकायचीच. पोर वाळत चालली होती, रात्रंदिवस पाणी मागत होती. आणि काल शेवटची घंटा झाली, शाळा उन्हाळ्यासाठी बंद. आजपासून तेही दार बंद झालं.

"बातमा बाई, नातीला पुढे आणा," केरिमबाय म्हणाला. बातमा अपांनी पोरीला उठवून पुढे नेलं, तसा त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले, मान हलवली. "रोग हट्टी आहे. चाळीस दिवस हिला माझ्या तंबूत ठेवा. आईचं दूध, आईचा वारा. सुई नाही, डॉक्टर नाही, घरचं माणूसही नाही."

"आजच ठेवते, अता," बातमा अपा म्हणाल्या.

चाळीस दिवस कुठले, चार दिवसही पोर काढणार नव्हती. सायराकान उठून उभी राहिली.

"अता, मला एक विचारायचंय. ती जी... ती वरची... ती पांढरी..."

बायका डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून हसल्या. सायराकानची अडचण सगळ्या गावाला ठाऊक होती. तिच्या दिवंगत सासऱ्यांचं नाव बुगूबाय, आणि सुनेने सासऱ्याचं नाव जन्मात उच्चारायचं नाही. त्यामुळे तिला हरणाला बुगू म्हणता येत नसे. वर्गातही ती 'तो शिंगवाला' म्हणायची आणि पोरं मुद्दाम विचारायची, "कोण शिंगवाला, बाई?"

"आधी नाव तरी घ्यायला शीक, सूनबाई, मग प्रश्न विचार," केरिमबाय म्हणाला, आणि गर्दी खो-खो हसली.

सायराकानने बूट काढले आणि ती सरळ ओढ्यात उतरली.

"आंधळी होशील!" मागून कुणीतरी ओरडलं. ती थांबली नाही. पलीकडे खडकामागे मिठाचे खडे मांडलेले होते. मेंढ्या बोलवायला इथला प्रत्येक धनगर मांडतो तसेच. हाळी ऐकून आई का येते, ते तिथेच कळलं. तिने एक खडा तळहातावर धरला. रानातली हरणी माणसाचा वास आला तरी डोंगर ओलांडून पळते. ही पुढे आली आणि हात चाटू लागली. सायराकानने तिच्या खांद्यावरून हात फिरवला तर मूठभर केस हातात आले. मग तिने कान उलगडून पाहिला आणि तिला हसू फुटलं, रागाचं हसू.

मागे वळून ती सगळ्या कुरणाला ऐकू जाईल अशी ओरडली, "ही बुगू आहे! साधी, पाळलेली बुगू! हिचा कान टोचलेला आहे!"

कुरण सुन्न झालं. पण कशाने? कानाने नव्हे.

"सासऱ्याचं नाव घेतलं हिनं," एक बाई पुटपुटली.

केरिमबायला हेच हवं होतं. "ऐकलंत? मेलेल्या माणसाचं नाव विटाळलं हिनं. आता आई रुसली तर दोष माझा नाही." लोक सायराकानकडे असे बघू लागले की जणू आईच्या अंगावरचे डाग तिनेच पाडले होते. दोघांनी तिला हाताला धरून ओढ्यापार आणलं आणि बातमा अपांपुढे उभं केलं. न्याय सासूने करायचा.

बातमा अपांनी सुनेच्या मुठीतले केस घेतले. सारा जन्म त्यांनी मेंढ्या कातरल्या होत्या, लोकर बोटांत आली की बोटं आपोआप चालायची. त्यांनी केस वेगळे करून उन्हात धरले. टोकं पांढरीफेक, मुळं तपकिरी.

"नावाचं मी घरी पाहीन," त्या म्हणाल्या. "आधी तुम्ही सांगा, अता. रोग आई वरून घेते म्हणता ना? मग केस टोकाला पांढरा आणि मुळाशी तपकिरी कसा?"

"श्रद्धेनं बघा, बाई. मुळं-टोकं बघणं हे नास्तिकांचं काम."

"मी कात्रीनं बघतेय. आणि कान कुणी टोचला?"

आता धनगर माना वर करून बघू लागले. कान कापून आपलं जनावर ओळखणारी ही माणसं. भोक पाडलेला कान म्हणजे मालक असलेलं जनावर, हे त्यांना शिकवावं लागत नाही. रानातल्या आईचा मालक कोण?

सायराकान शांतपणे बोलू लागली. शिंगांसाठी हरणं पाळतात, तिथे त्यांच्या कानात बिल्ला अडकवतात, त्याचंच हे भोक. काराकोलच्या पोरी केस पिवळे करायला जे औषध लावतात, ते हिच्या अंगाला फासलंय. हिवाळ्याची लोकर इतकी दाट की औषध मुळापर्यंत पोचलंच नाही. आता उन्हाळा आला, जुनी लोकर गळतेय आणि खालून हिचा जन्माचा रंग निघतोय. "तो ठेकेदाराचा मूतखडा नाही, नवी लोकर आहे. दरवर्षी येते. तुमच्या घोड्यांनाही येते, त्यांना तुम्ही नवस बोलता का?"

पोरं तंबूकडे धावली आणि केस रंगवायच्या औषधाचे डबे घेऊन आली. केरिमबायने शेवटची यंत्रविक्री करून पाहिली: "मी तुमच्या श्रद्धेची परीक्षा घेत होतो." मघाचा गुडघेवाला म्हातारा म्हणाला, "मग निकाल घेऊन जा," आणि काठी उगारून तो असा धावला की गुडघे बरे झाल्याचा चमत्कार सर्वांनी याचि डोळा पाहिला. टोपी ओढ्यात टाकून केरिमबायने पोबारा केला.

बातमा अपांनी कमरेची किल्ली सोडून सुनेच्या हातात दिली. दुपारपर्यंत पोर काराकोलच्या इस्पितळात होती. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. हे ऐकून बातमा अपा उठल्या आणि सुई कशी भरायची ते नर्सला विचारू लागल्या.

लोक म्हणतात, श्रद्धेने कुणाचं काय बिघडतं. बिघडतं ते असं. ज्याला चमत्कार दाखवायचा असतो तोच जेव्हा डोळे मिटा म्हणतो, तेव्हा डोळे उघडायची वेळ झालेली असते.

आठवड्याने पोर उठून बसली. बातमा अपांनी सुई भरायला शिकून घेतली होती. पहिल्यांदा स्वतःच्या हाताने टोचताना त्यांनी विचारलं, "सायराकान, खरी पांढरी हरणी नसतेच का गं?"

"असते, अपा. क्वचित जन्मते. अंगात रंग कमी पडतो, एवढंच. ती कुणाला बरं करत नाही आणि कुणाला शापही देत नाही."

"कुठं दिसली तर न्यायचं का पोरीला बघायला?"

"नेऊ ना. आधी सुई देऊ, मग निघू."